घरच्या सेवेचा हिशेब कुठे आहे?

म्हातारपणच्या आजारांवरच्या तुमच्या लेखात खर्च म्हणून औषधं, शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातले दिवस एवढंच धरलंय. फार मोठा भाग बाहेर राहिला, म्हणून लिहितेय.

स्मृतिभ्रंशाचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगभरात त्याचा खर्च १.३ लाख कोटी डॉलर झाला, आणि त्यातला जवळपास निम्मा घरच्यांनी विनामोबदला केलेल्या सेवेचा होता. दिवसाला सरासरी ५ तास! गोळी गिळली की गालात तशीच धरून ठेवलीय हे बघायचं, रात्री दोनला दाराची कडी वाजली की धावायचं, तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी आवाज चढू द्यायचा नाही. यातले ७० टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात. ऐन पन्नाशीत नोकरी सुटते, साठवणूक थांबते, पाठ आणि झोप दोन्ही जातात. म्हणजे आईच्या आजाराचा खर्च मुलीच्या म्हातारपणावर चढतो, आणि तो कुठल्याच बिलात दिसत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

खुब्याचं हाड मोडण्याचंही तसंच. शस्त्रक्रियेचा खर्च मोजला जातो, नंतर महिनोन्महिने घरी करावी लागणारी सेवा नाही.

जर्मनीत १९९५ पासून दीर्घकालीन सेवेचा सक्तीचा विमा आहे. ठरावीक तासांहून जास्त वेळ घरी सेवा करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही त्यातून भरला जातो. लेखातल्या उपायांमध्ये हे यायलाच हवं होतं.