पूर ओसरल्यावर किट नको, फावडी आणा

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच लिहितो. पूर आल्यावर हे वाचायला कुणाला सवड नसते.

पूर ओसरला की गावात लवकर पोचणाऱ्यांत श्रद्धेच्या धाग्याने बांधलेली माणसं असतात. गुरुद्वाराचा लंगर, मशिदीच्या जमातीची पोरं, चर्चची तरुण मंडळी, मठाचे सेवेकरी, धर्माधिकारींच्या बैठकीतले श्रीसदस्य. यांची खरी ताकद पैसा नाही. एका शब्दावर पन्नास माणसं जमतात, आपल्या गाडीने येतात, आपलं जेवण आपण करतात, मुकादमाचं ऐकतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा येतात. असं मनुष्यबळ सरकारला निविदा काढूनही मिळत नाही.

आणि आपण ते किट वाटण्यात घालवतो! चौथ्या दिवशी भात खाणाऱ्या कोकणी घरात गव्हाच्या पिठाच्या चार थैल्या येऊन पडतात. घरात कोरडी जागा नाही, शेगडीत चिखल. पहिले दोन-तीन दिवस शिजवलेलं अन्न आणि पिण्याचं पाणी हवंच, त्याबद्दल वाद नाही. त्यानंतर हवी असतात फावडी. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री करायचे. तो क्रम आपल्याकडे ठरलेला आहे, नवा शोधायला नको.

चिखलाचा हिशोब बघा. दहा बाय दहाची खोली, सहा इंच गाळ: ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. ओला असताना वजन दोन टनांच्या वर. एका घमेल्यात १५ किलो धरले तरी दीडशेच्या वर घमेली. घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना हे जन्मात जमणार नाही. दहा जणांची साखळी अर्ध्या दिवसात खोली मोकळी करते: तिघे फावड्यावर, पाच-सहा जण घमेली पुढे सरकवायला, उरलेले बाहेर ढीग लावायला. गाळ मऊ आहे तोवरच हात घाला. दोन उन्हं लागली की कुदळ लागते, आणि कुदळीने फरशी फुटते.

पण फावडं उचलण्याआधी दोन गोष्टी. मेन स्विच बंद आहे हे वायरमनने पाहिलेलं हवं, कारण वाडीचा पुरवठा कधी सुरू होईल सांगता येत नाही. दुसरी, पंचनामा. तलाठी आला नसेल तर प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, खराब झालेल्या मालाचे फोटो काढून घरमालकाच्या मोबाइलवर पाठवा. उत्साही पथकं दुकान तासाभरात लख्ख करतात आणि मग नुकसान दाखवायला काही उरत नाही. तसंच घरच्या माणसाला दाखवल्याशिवाय एकही वस्तू फेकायची नाही. चिखलाचा गोळा दिसतो त्यात सातबारा, विम्याची पॉलिसी, मंगळसूत्र, काहीही असू शकतं.

गाळ गटारात ढकलू नका. पुढच्या सरीला तेच पाणी शेजारच्या घरात शिरतं. रस्त्याच्या एका कडेला ढीग लावा, ट्रॅक्टर जाईल एवढी वाट ठेवा. गमबूट, रबरी हातमोजे सक्तीचे. लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्या-चिखलातून होणारा ताप, टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिनची गोळी आरोग्य केंद्राला विचारून घ्या. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती गोळी आपल्या मनाने वाटायची नसते.

विहिरींकडे सगळ्यांत कमी लोक वळतात, आणि तिथेच जिवाचा धोका असतो. पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवायचा नाही. त्याच्या धुराने आत गेलेला माणूस बेशुद्ध होतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. पंप काठापासून लांब ठेवा, पाइप आत सोडा. पाणी एका दमात तळापर्यंत उपसू नका. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असते, आतला आधार गेला की बांधकाम आत कोसळतं. थोडं उपसा, थांबा, पुन्हा उपसा.

मग ब्लीचिंग पावडर. तीन मीटर व्यासाची, चार मीटर पाणी असलेली विहीर म्हणजे साधारण २८ हजार लिटर. पुरानंतरच्या पहिल्या जबर मात्रेसाठी हजार लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे सव्वाचार किलो. पावडर ३३ टक्के क्लोरीनची, ताजी हवी. पावसाळ्यात उघडी राहिलेली गोणी नुसता चुना असते. कोरडी भुकटी वरून फेकायची नाही. बादलीत कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोराने पाण्यात सोडून वर-खाली हलवा. दिवसभर कुणी पाणी घेऊ नये म्हणून पाटी लावा. मग उग्र वास जाईपर्यंत उपसा. त्यानंतर नेहमीची मात्रा, हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे याच विहिरीला फक्त ७० ग्रॅम, आणि तासभर थांबून वापर. ही दोन मापं एकमेकांत मिसळली की गाव ती विहीरच सोडून देतं.

भिंतींना घाई करू नका. मातीची भिंत पुरात उभी राहते आणि ऊन पडल्यावर ढासळते, म्हणून पहिल्या आठवड्यात तिच्या सावलीत पंगत मांडू नये. ओल्या जांभ्यावर लगेच रंग दिला की महिन्यात पोपडे. गिलावा ठोकून पाहा, पोकळ वाजला तर तेवढाच काढा, बाकी दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर कोण येतं, हाच माझा खरा प्रश्न आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने १२०० मुलं पुण्याला नेली आणि त्यांना शिकवलं. ते काम वर्षानुवर्षांचं होतं. त्याच भूकंपात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवताना मात्र बऱ्याच ठिकाणी चौकटीत आखलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. गुरं कुठे बांधायची, भावकी कुठे राहणार, हे आधी विचारलं गेलं नाही. बांधून देणाऱ्याची भक्ती कितीही खरी असो, आराखडा राहणाऱ्याचाच हवा.

एक नाजूक विषय. पथकाने आपल्या पंथाची घरं आधी धरली की वाडीत ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. यादी ग्रामपंचायतीकडून किंवा आशाताईंकडून घ्या. एकट्या म्हाताऱ्या, आजारी, भाडेकरू हे वर. भाडेकरूंना मुद्दाम विचारा, मालक पुण्या-मुंबईला असतो आणि खोली कुणीच साफ करत नाही. प्रार्थना, नमाज, आरती आपल्या मुक्कामी खुशाल करा, दुसऱ्याच्या ओसरीवर नको. बॅनरचे पैसे वाचवा, तेवढ्यात चार गमबूट येतात.

निघताना राहिलेल्या घरांची यादी पुढच्या पथकाच्या हातात द्या, ते कोणत्याही देवाचं असो. त्यात घराचं नाव, किती खोल्या झाल्या, वायरिंग तपासलं की नाही, विहिरीला पावडर कुठल्या तारखेला पडली, एवढं लिहिलेलं असलं तरी पुरे.