सर, लाल रंगाचा डबा आमच्याकडे नव्हताच: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात ‘लाल हा मूळ रंग नाही’ हा लेख टाकला, त्यावर एका निवृत्त चित्रकला शिक्षकांची प्रतिक्रिया आलीय. उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सरांचं म्हणणं असं की लाल-पिवळा-निळा हेच मूळ रंग, तीनशे वर्षं चित्रकार त्यावरच काम करतायत, रविवर्म्याच्या तसबिरीसुद्धा त्यातूनच झाल्या, मॅजेंटाबद्दल (गुलाबीकडे झुकणारा किरमिजी) मी चुकीचं लिहिलंय, प्रकाशाचे नियम मी शाईला लावलेत, छपाईच्या सायन (हिरवट आकाशी)-मॅजेंटा-पिवळ्यातून तरी सगळे रंग कुठे येतात. आणि शेवटी हे वाक्य: “छापखान्यात बटणं दाबणाऱ्याने रंग कालवण्याबद्दल बोलू नये.”

सर, आधी तुमचं जे बरोबर आहे ते. मी मॅजेंटा इंद्रधनुष्यात असतो असं लिहिलं होतं. नसतो. तो कुठल्याही एका तरंगलांबीचा रंग नाही, तांबडा आणि निळा प्रकाश एकत्र डोळ्यात शिरला की मेंदूला तो दिसतो. चूक माझी, वाक्य काढलंय. पण एका वाक्यावरून अख्खा लेख “अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेल्याचा” ठरवणं मला पटलं नाही, आणि तुमच्यासारख्या शिक्षकाकडून तर अजिबात अपेक्षित नव्हतं.

आता बटणं. मी सतराव्या वर्षी पुण्यात पेठेतल्या एका लहान प्रेसमध्ये लागलो. सिंगल कलर ऑफसेट मशीन, म्हणजे चार रंगांचं काम आलं की तोच कागद चार वेळा मशीनमधून काढायचा. आधी पिवळा, मग रोलर रॉकेलने धुवायचे, मग मॅजेंटा, परत धुवायचे, मग सायन, शेवटी काळा. धुण्यात कसूर झाली तर आधीच्या रंगाची घाण पुढच्यात उतरायची आणि शेठ कागद तोंडासमोर धरायचे. गिऱ्हाइकाला खास शेड हवी असेल तर काचेवर नाइफने शाई कालवायची, बोटाने कागदावर थापटून बघायची, सुकली की थोडी बदलते म्हणून परत बघायची. नखांतली शाई माझ्या लग्नातसुद्धा गेली नव्हती. तुम्ही ब्रशने कालवलेत, मी नाइफने. हे बटण दाबणं आहे का?

एक प्रसंग सांगतोच. लग्नपत्रिकेचं काम, वर शेंदरी गणपती, पाचशे कागद, रात्रीची पाळी. प्रत्येक रंगाचा भाग छापणारा पत्रा, म्हणजे प्लेट, वेगळी, पण दिसायला सगळ्या सारख्या, कोपऱ्यातलं अक्षर बघून चढवायच्या. मी मॅजेंटाच्या शाईवर सायनची प्लेट चढवली आणि सायनच्या शाईवर मॅजेंटाची. शेंदरी गणपतीत सायनचं काम नसतंच, म्हणून दुसऱ्या रंगानंतर गणपती पिवळाच राहिला होता, तेव्हाच कळायला हवं होतं, झोपेत कळलं नाही. तिसरा रंग उतरला आणि गणपती हिरवागार. पाचशेच्या पाचशे रद्दीत, पैसे पगारातून कापले गेले, आणि मुहूर्ताच्या घाईत त्या घरच्यांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

पण सर, त्या कागदाकडे बघत मी किती वेळ बसलो असेन. पिवळा तोच, ठिपके तेच, फक्त वरची जोडीदार शाई बदलली. पिवळ्यावर मॅजेंटा पडला असता तर शेंदरी झाला असता, सायन पडला तर हिरवा झाला. आणि आमच्या फळीवर चार डबे होते, त्यात लाल डबा नव्हता! कुंकवाचा लाल, झेंड्याचा भगवा, पैठणीचा किरमिजी, सगळं त्यातूनच काढत होतो. जो रंग मी रोज दोन शायांतून बनवत होतो तो मूळ कसा म्हणायचा? हे मी कुठे वाचून लिहिलेलं नाही. वाचलं नंतर: शाई प्रकाश देत नाही, खाते. पिवळी निळा प्रकाश खाते, मॅजेंटा हिरवा खाते, दोन्ही खाऊन कागदावरून परत येतो तो लाल. मोबाइलचा पडदा उलटा चालतो, तिथे प्रकाशात प्रकाश मिसळतो. पडद्यावरच्या पिवळ्या चित्रावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा, भिंगासारखा होतो, त्यात लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही. मी एकाचे नियम दुसऱ्याला लावले नाहीत, दोन वेगळे आहेत हेच तर सांगत होतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ सालीच ते वेगळे करून दाखवलेत.

बाकी मुद्दे पटकन घेतो. तीनशे वर्षांचं म्हणाल तर लाल-पिवळ्या-निळ्या प्लेटांवर छपाई ले ब्लाँ नावाच्या मुद्रकाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला केली, हाताशी जे रंग होते त्यात केली, त्याला सायन कोण देणार होतं? रविवर्मा प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथलं काम दगडावरून छापायचं, छटेगणिक वेगळा दगड, त्यातून तीन रंगांचं काहीच सिद्ध होत नाही. आणि सायन-मॅजेंटा-पिवळ्यातून झळझळीत केशरी येत नाही हे खरंय, तेवढ्यासाठी आम्ही पाचवी प्लेट घालायचो, पण तो आजचा विषय नाही.

“हजारो पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली” असं लिहिलंत. मान आहे. पण मग तुम्हीच वर्गात सांगितलं असणार ना, की जांभळा करायचा तर क्रिमझन (गडद किरमिजी) घे, शेंदरी नको? का सांगत होतात? क्रिमझन मॅजेंटाकडे झुकलेला असतो म्हणून. तुमच्या हाताला माहीत आहे, फक्त तोंडाने कबूल करायचं नाही. मी अकरावी नापास, तुम्ही डिप्लोमावाले, म्हणून मी गप्प बसावं असं असेल तर तसं सरळ लिहा, रंगांच्या आडून नको.

घरात पेटी असेलच. शेंदरी आणि प्रशियन ब्ल्यू (गडद निळा) समान घ्या, पांढऱ्या बशीत कालवा. लाल अधिक निळा बरोबर जांभळा म्हणताय ना? जे येईल त्याचा फोटो काढून इथेच खाली टाका. मी माझ्या हिरव्या गणपतीचा टाकतो, एक कागद अजून जपून ठेवलाय.