मिस लू, मॅटी आणि आफ्रिकेची वाट

"जिला तू आफ्रिकेच्या वारशाची कवयित्री म्हणतोस ना, तिनेच आफ्रिकेला परत निघालेल्या मॅटीची टर उडवलीय. वाच!" असं म्हणत वकिलाने मोबाइल माझ्या हातात कोंबला.

विषय होता जमैकाच्या लुईज बेनेटचा. तिकडे लहानथोर सगळे तिला मिस लू म्हणतात. गेले काही दिवस मी कट्ट्यावर तिच्याबद्दलच बोलत होतो, त्याला वकिलाने दिलेलं हे उत्तर. कविता होती 'बॅक टू आफ्रिका'. तिच्यात एक बाई मैत्रिणीला, म्हणजे मॅटीला, विचारते, तुझी खापरपणजी आफ्रिकन असेल गं, पण खापरपणजोबा इंग्रज होता ना? एका बाजूला फ्रेंच, एका बाजूला ज्यू. मग तू परत जायचं ते नेमकं कुठे?

वकिलाचा राग खोटा नव्हता. मार्कस गार्वी जमैकाचाच. जगभरच्या काळ्या माणसांना आफ्रिकेशी जोडायचं म्हणून त्याने 'ब्लॅक स्टार लाइन' ही जहाज कंपनी काढली, ती 1919 मध्ये. त्याच वर्षी 7 सप्टेंबरला किंग्स्टनमध्ये मिस लू जन्मली. "1838 मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं," वकील म्हणाला. "गोऱ्यांच्या राज्यात त्यांना काडीची किंमत नाही. त्यांनी परत जायचं स्वप्न बघितलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, "पुढचा भाग मोठ्याने वाच."

तिथे ती बाई मॅटीला सांगते की तुम्ही सगळे इथेच जन्मलात, तुम्ही सगळे जमैकन. आणि या 'तुम्ही सगळे'साठी तिच्या तोंडी येतो तो शब्द 'उनू'. हा इग्बो लोकांचा, म्हणजे आजच्या नायजेरियातला. साखळदंडांत जखडून आणलेल्या माणसांबरोबर तो समुद्र ओलांडून आला. मालकांनी त्यांची नावं बदलली, देव बदलले, तरी हा शब्द राहिला. आफ्रिकेला जाऊ नकोस, हे सांगायलासुद्धा तिला आफ्रिकेचाच शब्द लागतो! मिस लू मला मोठी वाटते ती यासाठी. आफ्रिका शोधायला ती जहाजात बसली नाही. आफ्रिका बाजारातल्या बायकांच्या तोंडात आहे, हे तिने ओळखलं.

ओळखलं तेही ट्राममध्ये. तेव्हा ती शाळकरी वयाची, इंग्रजीत शिष्टसंमत कविता करणारी. एकदा चांगली नटूनथटून ट्राममध्ये चढली. मागच्या बाकांवर टोपल्या घेऊन बसलेल्या बाजारकरणींपैकी एक दुसरीला ओरडली, अगं पसरून बस, ती नटवी इथे जागा बघतेय! इंग्रजी आणि आफ्रिकी भाषांच्या मिसळीतून झालेल्या जमैकन बोलीतली मिस लूची पहिली कविता त्या वाक्यातून निघाली. 1943 पासून 'ग्लीनर' या दैनिकात तिच्या कविता नियमित यायला लागल्या.

इथे मास्तरांनी तोंड उघडलं. "मी वाचून बघितलं बाबांनो. ओळ धड लागत नाही. मोडक्या इंग्रजीला कविता म्हणायचं का?"

हा प्रश्न तिला आयुष्यभर विचारला गेला. इंग्रजी येत नव्हतं म्हणून ती बोलीत लिहीत नव्हती. 1945 मध्ये शिष्यवृत्तीवर ती लंडनच्या 'रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट' या नामांकित नाट्यशाळेत शिकायला गेली होती. 'बॅन्स ओ किलिंग' या कवितेत तिने बोलीभाषा मारायला निघालेल्या चार्लीला सुनावलंय की मग यॉर्कशायरची, स्कॉटलंडची बोलीही मार, आणि चॉसर, बर्न्स, शेक्सपिअरची पानंही फाड. तरीही 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा निघालेल्या साहित्यसंग्रहात तिला कवींच्या रांगेत जागा मिळाली नाही. मागे 'संकीर्ण'मध्ये टाकलं. तिला गंभीरपणे वाचा, असं सांगणारा मर्व्हिन मॉरिस या कवीचा निबंध आला तो त्यानंतर.

"मास्तर, तुम्ही वाचताय कशाला? ऐका," पक्या म्हणाला. तो ढोलकी वाजवतो, त्याचा कान वेगळा. "कडवं चार ओळींचं, इंग्रजांच्याच घाटाचं. पण ती म्हणते तेव्हा जोर तिला पाहिजे तिथे पडतो. कागदावर ते दिसणारच नाही." मला हे पटलं. ती नुसती लिहिणारी नव्हतीच. 1950 च्या दशकात समाजकल्याणाच्या नोकरीत खेडोपाडी फिरून तिने गाणी, म्हणी, गोष्टी गोळा केल्या. घानाच्या अकान लोकांकडून आलेला अनान्सी हा लोककथांतला आठ पायांचा चतुर कोळी तिने रंगमंचावर आणला. मग 1970 पासून 1982 पर्यंत दर शनिवारी दूरदर्शनवर 'रिंग डिंग' या कार्यक्रमात मुलांना घेऊन बसली. शाळेत ज्या बोलण्याबद्दल मार खायचा, तेच पडद्यावर ऐकताना त्या मुलांना काय वाटलं असेल!

रंगमंचावर ती जे तांबडं चौकड्यांचं बंडाना कापड नेसायची, ते जमैकाचा राष्ट्रीय पोशाख मानलं जातं. मुळात ते आपल्या मद्रासचं. मूळ एकाच जागी नसतं, हे मॅटीला ती जे सांगते, ते तिच्या अंगावरही होतं.

"आणि बाई स्वतः कुठे राहिल्या?" वकिलाने पुन्हा उचल खाल्ली. "कॅनडात!"

खरं आहे. 1987 नंतर ती टोरांटोकडे होती, 2006 मध्ये तिथेच गेली. पण कवितेत तिने मॅटीला तेच सांगितलंय की खुशाल परदेशी जा, नशीब काढ, फक्त मायदेश शोधायला चाललेय असं म्हणू नकोस. तिला किंग्स्टनला आणून नॅशनल हीरोज पार्कमध्ये पुरलं. लंडनमध्ये वारलेल्या गार्वीलाही 1964 मध्ये तिथेच आणलं होतं.

वकिलाचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. तो म्हणाला, हसू पुरत नाही. लंडनच्या पोलिसांवर लिहिणारा जमैकन कवी लिंटन क्वेसी जॉन्सन बघ, तिथे दात-ओठ खाल्लेले दिसतात. मी म्हटलं, तो ज्या बोलीत दात-ओठ खातो, तिला रंगमंच कुणी मिळवून दिला? आणि 'कॉलनायझेशन इन रिव्हर्स' वाच. जहाजं भरभरून इंग्लंडात उतरणारे जमैकन बघून ती जी हसते, ते हसू साम्राज्याच्या तोंडावर आहे.

"ती कविता मान्य," वकील म्हणाला. "पण मॅटीला तिने एक ओळसुद्धा बोलू दिलेलं नाही."

तसं पाहिलं तर ते खरंच आहे. मॅटी त्या कवितेत नुसती ऐकते. तिला का जावंसं वाटलं, हे तिच्या तोंडून यायला हवं होतं.