काळ्या पट्ट्या राहू द्या ना!

दर रविवारी तेच. सिनेमा सुरू झाला की घरातलं कुणीतरी रिमोट उचलून झूम दाबतं. का, तर ‘वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात, एवढा मोठा टीव्ही घेतला कशाला?’ अहो, त्या पट्ट्यांनी काहीही झाकलेलं नसतं! सिनेमास्कोप म्हणजे खूप रुंद पडद्यासाठीचं चित्रीकरण; त्याच्या चौकटीची रुंदी-उंची २.३५:१, आपल्या टीव्हीची १६:९. पडदा भरायचा तर दोन्ही बाजूंचं मिळून जवळपास पाव चित्र कापलं जातं. ‘कागज के फूल’ हा १९५९चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्तींनी ती अख्खी रुंदी उजेड-अंधाराने भरली, ती काय आपण छाटावी म्हणून? संताप होतो नुसता. त्यात काही वाहिन्या चित्र आधीच कापून दाखवतात. मग रिमोट हातात असूनही काही करता येत नाही.