सूर्यास्त, कर वेगळा

किनाऱ्यावरच्या शॅकच्या, म्हणजे वाळूत उभारलेल्या हंगामी हॉटेलच्या, बिलातल्या तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : सनसेट टेबल, ५०० रुपये. वर पाच टक्के जीएसटी. सूर्य जीएसटीच्या कक्षेत कधी आला, याची गोव्यात राहूनही मला खबर नव्हती. शिवाय तो मी पाहिलाही नव्हता. मी पाहिल्या त्या पहिल्या रांगेच्या पाठी. पण दुसरी रांगसुद्धा म्हणे 'सनसेट झोन'मध्येच मोडते.

आता, गोव्याचा अख्खा किनारा पश्चिमेला तोंड करून बसलेला आहे. सूर्यास्ताला इथे दमडी लागत नाही. सासष्टीतल्या कोलवा-बाणावलीसारख्या सरळसोट किनाऱ्यावर तर वाळूत कुठेही बूड टेका, बारा महिने सूर्य समुद्रातच जाणार. पंचाईत होते ती दोन डोंगरांच्या कुशीतल्या छोट्या किनाऱ्यांवर. डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेपासून २४ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे डाव्या हाताला समुद्रात घुसलेला डोंगर असेल, तर ऐन हंगामात सूर्य पाण्याऐवजी झाडीत शिरण्याचा संभव असतो. मेन्यूकार्डावरचा फोटो अशा वेळी मार्चमधला असतो.

आमचा शॅक सरळ किनाऱ्यावरचा, त्यामुळे डोंगराचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता माणसांचा. सूर्य तांबूस झाला आणि पहिली रांग एकसाथ उभी राहिली, मोबाइल वर करून. सपाट किनाऱ्यावर बसलेला माणूस उभा राहिला तर त्याला क्षितिजावरचा सूर्य किती जास्त दिसतो? दीड-दोन सेकंद! डोळे हातभर वर गेल्याने क्षितिज जरासंच मागे सरकतं. या दीड-दोन सेकंदांसाठी मागच्या सगळ्यांचा सूर्य पूर्णपणे जप्त होतो. त्यात प्लास्टिकच्या खुर्च्या. माणूस उठताना त्यांचे मागचे पाय वाळूत चार बोटं रुततात आणि खुर्ची मागच्या टेबलावर रेलते. माझ्या सोलकढीचा पेला तसाच गेला.

या पहिल्या रांगेत, बरोबर माझ्यापुढे, पिंपरी-चिंचवडचे एक काका होते. काकांनी काकूंना वाळूत उभं करून हात पुढे करायला लावला होता. सूर्य तळहातावर ठेवायचा होता. "थोडा वर. अगं, वर म्हणजे वर. आता डावीकडे. तुझ्या डावीकडे नव्हे, माझ्या." सूर्य आपल्या व्यासाएवढं अंतर साधारण सव्वादोन-अडीच मिनिटांत उतरतो, त्यामुळे दर फोटोला हात खाली घ्यावा लागतो. काकू एकेक इंच खाली येत होत्या आणि काका मागचा फोटो पुसत होते. शेवटी तळहात जमला, कोन जमला, काकांनी श्वास रोखला आणि सूर्य नाहीसा झाला.

ढग नव्हता. हिवाळ्यात जमिनीवरची कोरडी, धुळकट हवा समुद्रावर सरकते आणि क्षितिजालगत तिचा करडा पट्टा साचतो. सूर्य त्या पट्ट्यात शिरला की आधी शेंदरी होतो, मग मळका गुलाबी आणि पाण्याला टेकण्याआधीच विरघळतो. पावसानं हवा धुतलेली असते ती सप्टेंबरअखेरीला, आणि तेव्हा बहुधा शॅकचे बांबूसुद्धा वाळूत आलेले नसतात. ही किनाऱ्यावरच्या कुठल्याही पोराला ठाऊक असलेली गोष्ट. काकांना नव्हती.

त्यांनी वेटरला बोलावलं. वेटर वेंगुर्ल्याकडचा, शांत.

"हे बघ. ॲपमध्ये सूर्यास्त सहा वाजून तीन मिनिटांनी दिलाय. आत्ता पाच एकावन्न झालेत. सूर्य कुठाय?"

"आत्ता होता की, काका."

"होता म्हणजे? गेला कुठे?"

"धुरकटात गेला."

"धुरकटात जाणं म्हणजे मावळणं नव्हे. मावळणं म्हणजे पाण्याला टेकणं. मी टेकण्याचे पैसे मोजतोय."

वेटरनं समुद्राकडे पाहिलं, मग काकूंकडे. त्यांचा हात अजून पुढेच होता.

काकांनी आता स्वतःचा हात लांब करून क्षितिज आणि सूर्य गायब झाल्याची जागा यांच्यामध्ये बोटं आडवी धरली. "दीड बोट शिल्लक! बोटाला पंधरा मिनिटं. म्हणजे साडेबावीस मिनिटांचा सूर्य तुमच्याकडे माझा बाकी आहे." इथे मला तोंड घालावंसं वाटत होतं. बोटामागे पंधरा मिनिटं हा हिशेब सूर्य तिरका तिरका उतरणाऱ्या थंड मुलखांतला. गोव्यात तो जवळजवळ उभाच कोसळतो. बोटामागे आठ-नऊ मिनिटं धरावीत. काकांच्याच ॲपप्रमाणे येणं बाकी निघत होतं बारा मिनिटांचं. आणि तेही उदार मनानं. हवेतल्या वक्रीभवनामुळे क्षितिजावरचा सूर्य अर्ध्या अंशाहून थोडा अधिक उचललेला दिसतो. पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा तो खरा जवळजवळ सगळाच खाली गेलेला असतो. म्हणजे बिल लावायचंच झालं तर ते प्रतिमेचं लावायला हवं.

वेटरनं मॅनेजरला आणलं. मॅनेजर मडगावचा. आधी कोकणीत म्हणाला, "दर्याचेर आमचो कंट्रोल ना, काका." मग मराठीवर आला.

"टेबल तुम्हाला दिलंय ना?"

"दिलंय. पण सूर्यासाठी पैसे लावलेत, तो कुठाय?"

"सूर्यासाठी नाही लावले. रांगेसाठी लावलेत."

"रांग कशाची?"

"सूर्याची."

काका क्षणभर थबकले. मग त्यांनी सूर्याचे टप्पे पाडले : पिवळा, शेंदरी, लाल, टेकलेला, अर्धा बुडालेला. पैकी तीन मिळाले, दोन मिळाले नाहीत. सबब पाचशेतले तीनशे ते देणार. मॅनेजर म्हणाला, लाल काही मिळालेला नाही, तो गुलाबी होता. पण आम्ही गुलाबीचे वेगळे लावत नाही. काकू खाली बसत म्हणाल्या, "अहो, जेवायचं काय ते मागवा ना." सौदा अडीचशेवर तुटला, वर एक प्लेट मसाला पापड. धीर करून मी विचारलं की मला तर पहिल्या टप्प्यापासून काहीच मिळालं नाही, त्याचं काय. मॅनेजर अतिशय नम्रपणे म्हणाला, "तुम्ही तक्रार सूर्य असताना करायला हवी होती."

या सगळ्यात स्वयंपाकघर थांबलेलं होतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. सूर्यास्ताच्या जेवणाची खरी मेख तिथे आहे. उजेड असेपर्यंत लोक फोटो काढतात आणि अंधारलं की वीस टेबलं एकदम ऑर्डर देतात. तंदूर एकच. किलोभराच्या अख्ख्या माशाला मसाला मुरायला वीस मिनिटं, भाजायला पंचवीस ते तीस. रव्यात घोळून तळलेल्या इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, तुकड्या आठ-दहा मिनिटांत होतात. रेशाद, म्हणजे लाल मिरचीचं गोवेकरी वाटण, भरलेला बांगडा मात्र मंद आचेवरच हवा, कारण वाटणात व्हिनेगरबरोबर चिमूटभर साखर असते आणि मोठ्या आचेवर ती आधी करपते. घाईच्या वेळी नेमकी आच मोठी होते. मग बाहेरून काळा आणि पाठीच्या काट्याशी कच्चा असा बांगडा येतो आणि तो स्मोकी आहे असं सांगितलं जातं.

अख्खा मासा मागवायचा तर वजन आपल्यासमोर करून घ्यावं. मेन्यूत भाव नसतो. आकारमानाप्रमाणे, असं असतं. वेटर तोंडी भाव सांगतो तो शंभर ग्रॅमचा, आपण तो किलोचा समजून खूश होतो. ताट ठेवून काटा शून्यावर आणलाय का ते बघावं, माशाच्या पोटातला बर्फ झटकायला लावावा. ९०० ग्रॅमची तांबोशी घेतली तर खवले, कल्ले, आतडी काढल्यावर शेकडा १५ ते २० कमी. भाजताना पाणी उडून जवळपास तेवढंच. डोकं आणि काटा बाजूला सारला की खाण्याजोगं उरतं चारशे ग्रॅमच्या आसपास. पैसे नऊशेचे. त्याबद्दल तक्रार नाही, मासळी बाजारातही तसंच असतं. पण बाजारात कुणी समुद्राच्या दिशेचे पैसे लावत नाही.

अंधाराचंही एक गणित आहे. इथे सूर्य गेल्यावर वीस-बावीस मिनिटांत काळोख पडतो, आणि टेबलावर असते काचेतली एक मेणबत्ती. तारलीसारखे काटेरी मासे तिच्या उजेडात खाणं म्हणजे जिभेनं चाचपडणं. काटेरी ते साडेपाचला खाऊन घ्यावं. काळोखासाठी सुंगटं (कोळंबी), माणक्यो (म्हाकूळ) किंवा इसवणाच्या तुकड्या ठेवाव्यात. दिवे वाढवा असं सगळीकडे म्हणताही येत नाही. मोरजी, आगोंद, गालजीबागसारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, तिथे झगझगाट नकोच. आमच्या किनाऱ्यावर कासवं नव्हती. दिवे तरीही नव्हते.

बिलाच्या तळाशी सेवा शुल्क १० टक्के होतं. ग्राहकाला न विचारता ते बिलात घालता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उचलून धरलं. तक्रारीला १९१५ हा क्रमांक आहे. मी तो मोठ्यानं उच्चारल्यावर दहा टक्के लगेच गेले. सूर्याला मात्र असा क्रमांक नाही. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीच्या दुप्पट लावलं होतं. तिथेही गप्प बसावं लागलं, कारण बसायला जागा देणाऱ्या हॉटेलांना ती मुभा सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच दिलेली आहे. बसायला जागा म्हणजे ती वाळूत रुतलेली खुर्ची.

माझी तांबोशी आली सात वाजून दहा मिनिटांनी. वेटरनं ताट ठेवताना आवाज खाली आणला. "उद्या परत या, साहेब. साडेपाचला. फक्त माशाची ऑर्डर तेवढी आजच देऊन ठेवा."