चेहऱ्यावर संघात जागा मिळत नाही

जपानच्या महिला हॉकी संघातल्या एखाद्या खेळाडूची काही सेकंदांची क्लिप फिरू लागली की पाठोपाठ ठरलेला मजकूर येतो: "दिसण्यामुळे संघात आहे, जपानची हॉकी यथातथाच, मास्कसुद्धा चेहरा जपायला घालतात, आणि व्ह्यूजवर बक्कळ कमावते."

ऑलिम्पिकच्या सामन्याला गोलकीपरसकट १६ जणींचाच चमू असतो. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर होतात, त्यामुळे १५ मिनिटांच्या चारही सत्रांत जवळजवळ प्रत्येकीला पळावं लागतं. एक जागा शोभेला दिली तर उरलेल्यांची दमछाक होते. असला प्रशिक्षक टिकणार किती दिवस?

'यथातथा' म्हणणाऱ्यांनी निदान आपले पराभव तरी आठवावेत. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत याच संघाने अंतिम सामन्यात भारताला २-१ ने हरवून सुवर्ण नेलं. १९ जानेवारी २०२४ ला रांचीत ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत भारताविरुद्ध जपानच्या काना उराताने सहाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या गोलच्या संधीवर) गोल केला, तो १-० शेवटपर्यंत टिकला आणि पॅरिस ऑलिम्पिकचं तिकीट जपानला मिळालं. भारताला पेनल्टी कॉर्नर बरेच मिळाले, गोल एकही झाला नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपान पाचही सामने हरला हे खरंच, पण बहुतेक एका गोलाच्या फरकाने.

आता मास्क. पेनल्टी कॉर्नरला गोलकीपर धरून पाचच जणी गोलरेषेमागून बचावाला निघतात. गोलखांबापासून किमान १० मीटरवरून चेंडू आत ढकलला जातो आणि डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकाशी, गोलपासून साधारण १५ मीटरवर, अडवला जातो. पहिला फटका 'हिट', म्हणजे स्टिक फिरवून मारलेला, असेल तर चेंडू गोलच्या तळाशी असलेल्या ४६ सेंटिमीटरच्या फळीपेक्षा वर जाता कामा नये. ड्रॅगफ्लिकला, म्हणजे स्टिकने ओढत नेऊन भिरकावलेल्या चेंडूला, मात्र ही मर्यादा नाही, आणि फर्स्ट रशर, म्हणजे सगळ्यांत आधी पुढे धावणारी बचावपटू, तर थेट फ्लिक मारणारीच्या अंगावर धावते. साधारण १६० ग्रॅमचा टणक चेंडू तोंडावर बसला तर दात-जबडा शाबूत राहील याची खात्री नाही. म्हणून मास्क. तो नियमात बसतो, भारतीय मुलीही घालतात, आणि धोका टळला की लगेच उतरवावा लागतो. क्लिपमध्ये घाईघाईने भिरकावताना दिसतो तो यासाठीच. चेहरा 'दाखवायला' नव्हे.

कमाईचं गणितही उलटं आहे. प्रक्षेपणातली क्लिप कापून तिसऱ्याच पेजने टाकलेली असते. त्यावरचे पैसे मिळाले तर त्या पेजला. खेळाडूच्या हाती दमडी नाही. सोनी, कोका-कोला, नान्तो बँक अशा कंपन्यांच्या नावाने तिथले नामांकित महिला संघ खेळतात. तिथल्या खेळाडूंचा आधार व्ह्यूज नसून हे संघ आहेत.

बरेचदा फोटोखालचं नावच चुकीचं असतं. पाठीवरचा नंबर, स्पर्धा आणि साल बघा, मग एफआयएचच्या (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या) साइटवर त्या सामन्याची खेळाडूयादी उघडा. नंबर एका स्पर्धेपुरताच धरा, पुढच्या स्पर्धेत तो दुसरीकडे गेलेला असू शकतो. आणि नंबर कापून टाकलेला फोटो असेल तर पुढे ढकलू नका.