फुकटचे पुस्तक म्हणजे निकस पुस्तक? कम्युनिटी कॉलेजांतील मुक्त पाठ्यपुस्तकांवरच्या आक्षेपांचा प्रतिवाद

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांनी मोफत पाठ्यपुस्तकांचा जो धडाका लावला आहे त्याविरुद्ध एक युक्तिवाद सर्रास केला जातो आणि तिथल्या मराठी पालकांच्या बोलण्यातही तो ऐकू येतो. त्याचा सारांश असा : पुस्तकांवरचा खर्च मुळातच कमी झाला आहे, त्यामुळे बचत केवळ कागदावरची आहे, फुकट मिळणारी पुस्तके निकस असतात, प्रकाशकांनी फीबरोबरच पुस्तक देण्याची सोय केल्यानंतर या उपद्व्यापाची गरज उरलेली नाही, आणि शेवटी खर्च करदात्यांच्या व प्राध्यापकांच्या माथी जातो, लेखक मात्र उपाशी राहतो. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. बाकीचे मुद्दे तपासून पाहिले तर टिकत नाहीत.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. या पुस्तकांना लावली जाणारी ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा २००२ साली युनेस्कोच्या एका बैठकीत रूढ झाली आणि तिचा अर्थ ‘फुकट’ एवढाच नाही. मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेले पुस्तक कोणीही कायमचे जवळ ठेवू शकतो, त्याच्या प्रती वाटू शकतो, त्यात आपल्या वर्गाला हवे ते बदल करू शकतो, दुसऱ्या पुस्तकातली प्रकरणे त्यात घालू शकतो आणि सुधारलेली प्रत पुन्हा प्रसिद्ध करू शकतो. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात, पण त्यांचे हक्क राखीव असतात. एखाद्या शिक्षिकेने त्यातला धडा बदलून आपली आवृत्ती काढतो म्हटले तर ते चालणार नाही. म्हणजे ती पुस्तके फुकट आहेत, मुक्त नाहीत. टीकाकारांचा बराचसा युक्तिवाद हा फरक न केल्यामुळे उभा राहिला आहे.

आता बचतीचा मुद्दा. कम्युनिटी कॉलेज म्हणजे शालेय शिक्षणानंतरचे दोन वर्षांचे, सरकारी पैशावर चालणारे कॉलेज. नर्सिंगपासून वेल्डिंगपर्यंतचे शिक्षण इथे मिळते आणि पुढे विद्यापीठात जाऊ इच्छिणारी, घरची बेताची परिस्थिती असलेली मुले पहिली दोन वर्षे इथेच काढतात. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत. राज्यातल्या रहिवाशांसाठी तिथली फी २०१२ पासून दर युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ४६ डॉलर आहे, म्हणजे तीन युनिटांच्या एका विषयाला १३८ डॉलर. त्याच विषयाचे व्यापारी प्रकाशकाचे नवे कोरे पाठ्यपुस्तक दोनशे डॉलरच्या पुढे जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. कॅल्क्युलस, रसायनशास्त्र, शरीररचनाशास्त्र घेणाऱ्याला तो अनुभव ठरलेलाच. विषयापेक्षा पुस्तक महाग, असा हा हिशेब आहे. त्यातही खोच अशी की कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला राज्याच्या योजनेतून फी माफ होते, पुस्तके माफ होत नाहीत. ज्याची फी शून्य झाली त्याच्यापुढे पहिल्या आठवड्यात उभा राहणारा सर्वांत मोठा शैक्षणिक खर्च पुस्तकांचाच असतो.

‘पण सरासरी खर्च तर कमी झाला आहे’ असे टीकाकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ साली दिलेल्या अहवालानुसार २००२ ते २०१२ या दहा वर्षांत पाठ्यपुस्तकांच्या किमती ८२ टक्क्यांनी वाढल्या. त्यानंतर मात्र भाड्याची पुस्तके, डिजिटल प्रती आणि जुन्या पुस्तकांचा बाजार यांमुळे विद्यार्थ्याच्या खिशातून प्रत्यक्ष जाणारी रक्कम उतरली. प्रश्न असा आहे की खर्चाच्या सरासरीत ‘पुस्तक घेतलेच नाही’ हा खर्च शून्य म्हणून मोजला जातो. फ्लोरिडातील सरकारी कॉलेजे आणि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या २०१८ सालच्या पाहणीत जवळजवळ दोन तृतीयांश विद्यार्थ्यांनी सांगितले की किमतीमुळे कधी ना कधी आपण नेमलेले पुस्तक विकत घेतलेले नाही. एखाद्या घरात औषधांचा खर्च निम्मा झाला म्हणजे घर निरोगी झाले असे कोणी म्हणत नाही. औषध घेणेच बंद केले आहे का, हे आधी विचारावे लागते. मुक्त पुस्तकाचा लाभ या न घेणाऱ्याला सर्वांत जास्त होतो, आणि तो डॉलरच्या सरासरीत दिसत नाही.

याच ओघात मराठी मंडळींचा एक ठेवणीतला सल्ला असतो : ‘भारतातून स्वस्त आवृत्ती मागवा.’ बॅगेतल्या तेवीस किलोंत लोणच्याच्या बरण्यांशेजारी ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असा शिक्का असलेली दोन जाडजूड पुस्तके बसवण्याची कसरत आपल्याकडे अनेकांनी केली आहे. थायलंडहून अमेरिकेत शिकायला आलेला सुपाप किर्टसेंग हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर, विक्रीसाठी करत होता. प्रकाशकाने त्याच्यावर खटला भरला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला की परदेशात कायदेशीररीत्या छापलेली आणि विकत घेतलेली प्रत अमेरिकेत पुन्हा विकता येते. निकाल योग्यच होता. पण ज्याचे नातेवाईक मुंबई-पुण्यात नाहीत अशा कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोतल्या शेतमजुराच्या मुलीला या युक्तीचा काय उपयोग? शिवाय आता पुस्तकासोबत ऑनलाइन गृहपाठ उघडून देणारा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ॲक्सेस कोड, अनेकदा लागतो, आणि तो भारतीय आवृत्तीतून मिळेल याचा भरवसा नसतो.

कोडच्या उल्लेखाने प्रकाशकांच्या सोयीचा मुद्दा आलाच. ‘इन्क्लुझिव्ह ॲक्सेस’ या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेत डिजिटल पुस्तकाची रक्कम विद्यार्थ्याच्या फीच्या बिलात आपोआप मिळवली जाते आणि पहिल्या दिवशी सर्वांच्या हाती पुस्तक येते. ही रक्कम छापील पुस्तकाच्या किमतीपेक्षा सहसा कमी असते आणि पहिल्या दिवसाचा फायदा खरा आहे, हे मान्य करतो. नको असेल त्याने ठरावीक मुदतीत नकार कळवायचा, असा नियम आहे. मात्र गृहपाठ आणि चाचण्या त्याच प्रकाशकाच्या संकेतस्थळावर असतील आणि त्यांचे गुण निकालात धरले जात असतील, तर नकार देणे म्हणजे तेवढ्या गुणांवर पाणी सोडणे होय. सत्र संपल्यावर, किंवा ठरलेली मुदत भरल्यावर, पुस्तकही जाते. पुढच्या वर्षी शरीरक्रियाशास्त्र शिकताना मागचे रसायनशास्त्र उघडून पाहायचे म्हटले तर काय उघडणार?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ज्याने जुनी पुस्तके घेतली-विकली आहेत त्याला यातली मेख चटकन कळेल. तिथे पुस्तकाची पाने मोजून, पाठीचा बांधा चाचपून भाव ठरतो. पेन्सिलीच्या खुणा असल्या तर चार पैसे कमी, एवढेच. कोड असलेल्या पुस्तकात आतल्या पानावरची पट्टी एकदा खरवडली आणि आकडे संगणकात टाकले की तो कोड दुसऱ्या कोणासाठी मेला. पूर्ण डिजिटल प्रतीत तर खरवडायलाही काही नसते. जुन्या पुस्तकांचा बाजार ही किमतीवरची मोठी वेसण होती. ती या व्यवस्थेने अलगद काढून घेतली. आज दिलेली सवलत उद्या राहील, याची हमी मग कोण देणार?

निकसपणाच्या आक्षेपाला उत्तर म्हणून मी एकाच पुस्तकाची हकीकत सांगेन. कॅलिफोर्नियातील कुपर्टिनो हे मराठी माणसाला अनोळखी गाव नाही. तिथल्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात बार्बरा इलोस्की आणि सुझन डीन या दोन प्राध्यापिकांनी आपल्या वर्गांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले आणि वर्षानुवर्षे शिकवता शिकवता ते घासूनपुसून घेतले. २००८ साली मॅक्सफील्ड फाउंडेशनने त्याचे हक्क विकत घेतले आणि ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील कनेक्शन्स या संकेतस्थळावर ते सर्वांसाठी मुक्त केले. कनेक्शन्सचाच पुढचा अवतार असलेल्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने २०१३ मध्ये त्यावर आधारलेले ‘इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स’ काढले. आज ते देशभरच्या वर्गांत शिकवले जाते. हे पुस्तक कोणा हौशी माणसाने सुट्टीत लिहून टाकलेले नाही. ज्या बाकांवरच्या मुलांसाठी ते आहे त्या मुलांच्या शंकांतून ते घडले आहे. व्यापारी पुस्तक मुक्त झाल्याचे उदाहरणही आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राचे जॉन मॅकमरी यांचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे व्यापारी प्रकाशकाकडे होते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराने गेलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी त्याची दहावी आवृत्ती ओपनस्टॅक्सला दिली. काल दोनशे डॉलरला उत्तम असलेले पुस्तक आज शून्य डॉलरला निकस कसे होईल?

अभ्यासांचे निष्कर्ष सांगताना मात्र मुक्त पुस्तकांच्या पुरस्कर्त्यांनीही हात आखडता घ्यावा, असे मला वाटते. जॉर्जिया विद्यापीठात २१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या गुणांचा अभ्यास झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मुक्त पुस्तके वापरणाऱ्यांचे निकाल सुधारलेले दिसले, गरजू विद्यार्थ्यांचे अधिकच. परंतु पुढच्याच वर्षी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात शिकण्याच्या दर्जात फरक आढळला नाही. विषय अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण तेवढे कमी आढळले. तेव्हा ‘मुक्त पुस्तकाने गुण वाढतात’ असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ‘फुकट म्हणून निकस’ या आरोपाचे उत्तर देण्यासाठी ‘फरक नाही’ हा निष्कर्ष पुरेसा आहे, आणि विषय सोडणारी मुले कमी होणे ही कम्युनिटी कॉलेजात लहान गोष्ट नाही.

आता तो अर्धा खरा मुद्दा : खर्च नाहीसा होत नाही, जागा बदलतो. कॅलिफोर्नियाने २०१६ साली पुस्तकखर्च शून्य असलेल्या पदवीक्रमांसाठी ५० लाख डॉलर दिले आणि २०२१ च्या अंदाजपत्रकात त्यासाठीच ११ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद केली. रक्कम डोळ्यांत भरते खरी. पण त्या कॉलेजांत वर्षाला १८ लाखांच्या वर विद्यार्थी शिकतात. भागाकार केला तर माणशी ६४ डॉलरपेक्षा कमी, तेही एकदाच. एका नव्या पुस्तकाची किंमतसुद्धा त्यात निघत नाही. करदात्याचा तोटा झाला असे म्हणणाऱ्याने हा भागाकार करून पाहावा.

प्राध्यापकांचे ओझे मात्र खरे आहे. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्यांपैकी बहुसंख्य जण अर्धवेळ असतात. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांसारखे त्यांना विषयागणिक पैसे मिळतात, आणि पुस्तक निवडणे, बदलणे, गृहपाठाचे प्रश्न नव्याने काढणे या कामाचा मोबदला त्यात धरलेला नसतो. व्यापारी प्रकाशक प्रश्नपेढी, स्लाइड, आपोआप गुण देणारी यंत्रणा असे सगळे तयार ताट वाढतो. मुक्त पुस्तकासोबत ते दर वेळी मिळत नाही. अनुदान संपले की काही वर्षांनी दुवे तुटतात, आकडेवारी शिळी होते. ओपनस्टॅक्ससारख्या प्रकल्पात चुकांची यादी उघडपणे ठेवून दुरुस्त्या केल्या जातात, पण प्रत्येक पुस्तकामागे अशी संस्था नसते. शिवाय पहिल्या वर्षाच्या गर्दीच्या विषयांत मुक्त पुस्तकांची रेलचेल असली, तरी कारागिरीच्या आणि वरच्या वर्गांच्या विषयांत ती तुरळकच आहेत. २०११ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने व्यवसाय प्रशिक्षणासाठी कम्युनिटी कॉलेजांना जवळजवळ दोन अब्ज डॉलर देताना त्यातून तयार होणारे साहित्य मुक्त परवान्याखालीच प्रसिद्ध करण्याची अट घातली होती, तरी ती पोकळी पुरती भरलेली नाही. टीकाकारांनी बोट इथे ठेवले असते तर वाद अधिक उपयोगी झाला असता. मात्र यावरचा उपाय त्या कामाचे पैसे देणे हा आहे, दोनशे डॉलरच्या पुस्तकाकडे परत जाणे हा नाही.

लेखक उपाशी राहतो, याबद्दल फार लिहायला नको. डी अँझाच्या पुस्तकाचे हक्क विकत घेतले गेले होते आणि ओपनस्टॅक्स आपल्या लेखकांना व समीक्षकांना मानधन देते. फरक इतकाच की मोबदला एकदा आणि आधी मिळतो, प्रत्येक प्रतीमागे नाही.

ज्यांची मुले किंवा जे स्वतः तिथल्या कॉलेजात नाव घालणार आहेत त्यांना एक गोष्ट ठाऊक असावी. कॅलिफोर्नियाच्या २०१६ च्या कायद्यानुसार २०१८ पासून कॉलेजच्या ऑनलाइन वेळापत्रकात, ज्या वर्गाचे सर्व साहित्य डिजिटल आणि विनामूल्य आहे त्या वर्गापुढे तसे चिन्ह दाखवावे लागते. एकाच विषयाचे चार वर्ग असतील तर त्यांतल्या दोनच वर्गांपुढे ते असू शकते, कारण पुस्तक प्राध्यापक निवडतात. काही कॉलेजे ‘कमी खर्चाचा’ वर्ग असे निराळे चिन्हही वापरतात. कमी म्हणजे किती हे कॉलेजागणिक बदलते, त्यामुळे ते दिसले तर गृहपाठासाठी वेगळा कोड घ्यावा लागतो का, एवढे नाव घालण्यापूर्वी प्राध्यापकांना ईमेल करून विचारावे.